गंजलेल्या गांवांचीं छायाचित्रें

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्या डोळ्यांपुढें बखरी, सनदा, महजर, ताम्रपट आणि फार तर जमाखर्चाच्या वह्या उभ्या राहतात. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. कागद कोणीं लिहिला, कोणास लिहिला, कोठें व केव्हां लिहिला आणि तो कोणाच्या दप्तरांत सांपडला, हें ठरल्यावांचून त्याला पुरावा म्हणावयाचें नाहीं, ही शिस्त आपल्या अभ्यासकांच्या अंगवळणीं पडली ती त्या पिढीच्या खटपटीमुळें. छायाचित्राच्या बाबतींत मात्र ही शिस्त आपण सहज विसरतों. चित्र डोळ्यांना दिसतें म्हणून तें खरें, आणि खरें म्हणून तेवढ्यानें काम भागलें, अशी आपली समजूत असते. या समजुतीची परीक्षा करावयाची तर अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या ईशान्येकडील एका प्रदेशाइतकें सोयीचें क्षेत्र दुसरें क्वचितच मिळेल. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, न्यूयॉर्क संस्थानाचा पश्चिम भाग, मिशिगन आणि इंडियाना यांतील पोलादाच्या व मोटारींच्या गांवांचा हा प्रदेश होय. कारखाने बंद पडूं लागल्यानंतर, १९८० च्या पुढील दशकांत, त्याला ‘रस्ट बेल्ट’, म्हणजे गंजाचा पट्टा, हें नांव रूढ झालें. या पट्ट्यांतील लहान गांवांचीं व वस्त्यांचीं छायाचित्रें गेल्या शंभरांहून अधिक वर्षांत इतकीं निघालीं आहेत कीं, त्यांचाच एक इतिहास लिहितां येईल.

प्रदेशाचा उदय पोलादाबरोबर झाला. पेनसिल्व्हेनियांतील उत्तम कोळसा, सुपीरियर सरोवराच्या कांठचें लोखंडाचें खनिज, आणि जड माल स्वस्तांत वाहणाऱ्या नद्या व सरोवरें यांचा तेथें मिलाफ होता. पिट्सबर्गजवळ मोनोंगाहेला नदीच्या तीरीं, ब्रॅडक या गांवीं, अँड्र्यू कार्नेजीच्या पोलादाच्या कारखान्यानें १८७५ सालीं काम सुरू केलें. आपला या भागाशीं अगदींच संबंध नाहीं असें नव्हे. जमशेटजी टाटा १९०२ सालीं अमेरिकेस गेले तेव्हां पिट्सबर्गचा ज्युलियन केनेडी हा अभियंता त्यांना भेटला, आणि साकचीच्या, म्हणजे पुढील जमशेदपूरच्या, कारखान्याच्या आंखणींत पुढें त्याच्या मंडळीचा हात होता.

ऱ्हासाचीं कारणें एका वाक्यांत सांगण्याजोगीं नाहींत. महायुद्धानंतर जपान व जर्मनी यांनीं नव्या धर्तीच्या भट्ट्या उभारल्या. अमेरिकन कंपन्या जुन्या भट्ट्यांवर फार काळ विसंबून राहिल्या. १९५९ सालीं ११६ दिवसांचा संप झाला, आणि त्याच वर्षीं देशांत आलेलें पोलाद बाहेर गेलेल्या पोलादाहून विसाव्या शतकांत प्रथमच अधिक भरलें. पुढें मोडींतलें लोखंड विजेच्या भट्टींत वितळविणारे छोटे कारखाने निघाले, तेलाचे भाव भडकले, आणि जुन्या कारखान्यांत भांडवल घालण्यापेक्षां दुसऱ्या धंद्यांत घालणें मालकांना फायद्याचें वाटूं लागलें. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार, या दिवशीं ओहायोंतील यंग्स्टाउन येथें कॅम्पबेल कारखाना बंद होणार असल्याचें जाहीर झालें आणि सुमारें ५,००० माणसांची भाकरी गेली. त्या भागांत त्या दिवसाला अजूनहि ‘काळा सोमवार’ म्हणतात. १९३० सालीं १,७०,००० वस्ती असलेल्या या शहरांत २०२० च्या शिरगणतींत ६०,००० माणसें उरलीं होतीं. यांतील एकहि कारण छायाचित्रांत दिसत नाहीं, हें पुढील विवेचनासाठीं वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

या प्रदेशाचीं चित्रें घेण्यास आरंभ झाला तो भरभराटीच्या काळांत. १९०७-०८ सालीं पिट्सबर्ग व आसपासच्या गांवांची एक मोठी सामाजिक पाहणी झाली, आणि तिचें फलित १९०९ ते १९१४ या काळांत सहा ग्रंथांत प्रसिद्ध झालें. तिच्यासाठीं छायाचित्रें घेणारा ल्युइस हाइन हा पूर्वीचा शाळामास्तर. होमस्टेड या गिरणीगांवावर मार्गारेट बायिंग्टनबाईंनीं लिहिलेल्या १९१० सालच्या ग्रंथांत हाइनचीं चित्रें आहेत, आणि शेजारींच कुटुंबांचा आठवड्याचा खर्च, भाडें, धान्य, विम्याचा हप्ता यांचे तपशील आहेत. बारा तासांची पाळी, आणि पाळी बदलतांना सलग चोवीस तासांचें काम, हें ज्या घरांना भोगावें लागे त्या घरांतील बायका अंगणांत मुलांसह उभ्या आहेत. या काळांतच चित्र आणि हिशेब एकत्र छापण्याची पद्धत पडली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हाइनला चित्राचा मोह नव्हता असें नाहीं. पण आंकड्यांवांचून चित्र पांगळें राहतें, हें त्याच्या मंडळीला ठाऊक होतें.

त्यानंतरचें नांव वॉकर इव्हान्स याचें. मंदीच्या काळांत सरकारच्या पुनर्वसन खात्यानें छायाचित्रकार नेमले, त्यांपैकीं तो एक. नोव्हेंबर १९३५ मध्यें त्यानें पेनसिल्व्हेनियांतील बेथलहेम या पोलादाच्या गांवीं मोठा तिपाईचा कॅमेरा लावून घेतलेलें चित्र या साऱ्या परंपरेंत बहुधा सर्वांत प्रसिद्ध असेल. पुढें स्मशानांतील दगडी क्रूस, मध्यें कामगारांच्या घरांच्या रांगा, आणि मागें कारखान्याचीं धुराडीं. लांबून घेतल्यामुळें तिन्हींमधलें अंतर जणुं नाहींसें झालें आहे, आणि मरण, संसार व मजुरी एकाच भिंतीवर चिकटविल्यासारखीं दिसतात. त्या खात्याचा छायाचित्र-विभाग चालविणारा रॉय स्ट्रायकर एक आठवण सांगत असे. एका बाईनें या चित्राची प्रत मागितली, ती पोलादाच्या धंद्यांत अधिकारी असलेल्या आपल्या भावाला पाठविण्यासाठीं. आणि स्मशानें, रस्ते, कारखाने सारे तुमचे, पण जीव आमचे, अशा अर्थाचा संतप्त मजकूर तिला त्यावर लिहावयाचा होता. चित्र थोर आहे यांत शंका नाहीं. पण त्यांत एकहि माणूस ठळक दिसत नाहीं. त्या घरांत कोण राहत होतें, त्या क्रूसाखालीं कोण निजलें आहे, हें इव्हान्सनें विचारलें नाहीं, आणि चित्रहि सांगत नाहीं. त्या बाईला जी चीड आली ती तिनें आपल्या अनुभवांतून त्यांत ओतली. बेथलहेमच्या भट्ट्या १९९५ सालीं विझल्या, कंपनीचें २००१ सालीं दिवाळें निघालें, आणि पुढें त्याच आवारांत जुगाराचें आलिशान घर व गाण्याबजावण्याचा रंगमंच उभा राहिला. गंजलेल्या भट्ट्यांवर रात्रीं रंगीत दिव्यांचा प्रकाश सोडतात. होमस्टेडचा कारखाना १९८६ सालीं बंद झाला; त्या जागीं दुकानांची पेठ झाली आणि तिच्या कडेला बारा धुराडीं शोभेसाठीं ठेवलीं. परळ-लालबागकडून जाणाऱ्या आपल्या वाचकांना हें दृश्य समजावून सांगावें लागणार नाहीं.

कारखाने बंद पडल्यावर छायाचित्रकारांची एक नवीच वारी या प्रदेशांत सुरू झाली. पडकीं नाट्यगृहें, छप्पर उडालेलीं देवळें, पुस्तकें ओलीं होऊन कुजलेलीं वाचनालयें, हीं त्यांचीं क्षेत्रें. इंडियानांतील गॅरी हें शहर १९०६ सालीं एका पोलाद कंपनीनेंच वसविलें. तेथील १९२६ चें मेथॉडिस्ट पंथाचें भव्य देऊळ १९७५ सालीं बंद झालें, आणि आज त्याच्या उघड्या कमानींचीं चित्रें जगभर पसरलीं आहेत. २०१० सालीं मार्शां आणि मेफ्र या दोन फ्रेंच तरुणांनीं डेट्रॉइटच्या भग्नावशेषांचा मोठा सुबक चित्रग्रंथ काढला. अशा चित्रांवर तेथील रहिवाशांचा रोष आहे. त्यांना त्यांनीं जें नांव दिलें आहे तें येथें लिहिण्याजोगें नाहीं, पण त्यांचें म्हणणें समजण्यास कठीण नाहीं. चित्रांत शहर मेलेलें दिसतें, आणि आम्ही तर येथें राहतों, मुलांना शाळेंत पाठवितों, घरपट्टी भरतों. मेलेल्या शहराला वाचनालय कशाला आणि दवाखाना कशाला, असें उद्यां कोणी म्हणेल तर त्याला हीं चित्रें दाखला म्हणून पुरतील!

मला स्वतःला हा रोष अर्धाच पटतो. पडक्या वास्तूचें चित्र हेंहि साधनच आहे; रायगडावरील वाड्यांच्या जोत्यांचें चित्र घेणाऱ्याला आपण दोष देत नाहीं. माझा आक्षेप निराळा आहे. या चित्रांना काळ नसतो. डेट्रॉइटचें मिशिगन सेंट्रल हें रेल्वेस्थानक पाहा. १९१३ सालीं तें उघडलें, १९८८ च्या जानेवारींत तेथून शेवटची गाडी सुटली, आणि पुढें तीस वर्षें फुटक्या खिडक्यांचें हें अठरा मजली धूड म्हणजे ऱ्हासाचें बोधचिन्हच होऊन बसलें. २०१८ सालीं फोर्ड कंपनीनें तें विकत घेतलें आणि जून २०२४ मध्यें तें दुरुस्त होऊन पुन्हां उघडलें. तीं जुनीं चित्रें मात्र तारखेवांचून अजूनहि फिरत आहेत, आणि पाहणारा समजतो कीं आजचें डेट्रॉइट हेंच. शिवाय सारे भग्नावशेष एकमेकांसारखे दिसतात. पूर पाण्यानें आला कीं तो राज्यकर्त्यांनीं बांध फोडल्यामुळें आला, हें ओल्या भिंतीवरून कळत नाहीं. त्याप्रमाणेंच भूकंप, युद्ध, मालकाचा निर्णय आणि महापालिकेची हेळसांड यांची पडझड चित्रांत सारखीच उतरते.

काळ चित्रांत आणण्याचा एक उपाय कामिलो व्हेर्गारा यानें शोधला. हा १९४४ सालीं चिलींत जन्मलेला, समाजशास्त्र शिकलेला गृहस्थ. न्यूअर्क, कॅम्डन, गॅरी, डेट्रॉइट येथील ठराविक कोपऱ्यांवर तो दर एक-दोन वर्षांनीं जाऊन, शक्य तों त्याच जागेवरून, पुन्हां पुन्हां चित्र घेत आला आहे. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यानें हें व्रत चालविलें. पहिल्या चित्रांत दुकान, दुसऱ्यांत तेंच दुकान प्रार्थनागृह झालेलें, तिसऱ्यांत फळ्या ठोकलेल्या, चौथ्यांत मोकळें मैदान, पांचव्यांत त्या मैदानांत कोणीं लावलेला भाजीचा वाफा. हीं चित्रें ओळीनें लावलीं कीं तीं बखरीसारखीं वाचतां येतात. पण १९९५ सालीं याच व्हेर्गारानें सुचविलें कीं, डेट्रॉइटच्या मध्यभागींचे ओस पडलेले गगनचुंबी मनोरे पाडूं नयेत, अथेन्सच्या ॲक्रोपोलिसप्रमाणें भग्न स्मारक म्हणून तसेच राखावे. शहरांत मोठा गहजब झाला. इतकीं वर्षें डोळे उघडे ठेवून हिंडणाऱ्या माणसालाहि वास्तूंचें इतकें वेड लागावें याचें नवल वाटतें. पण त्याचें काम त्या सूचनेहून मोठें आहे.

आतां ज्याच्याविषयीं मला सर्वांत अधिक सांगावयाचें आहे त्या मिल्टन रोगोव्हिनकडे वळतों. हा १९०९ सालीं न्यूयॉर्कमध्यें जन्मलेला, धंद्यानें डोळे तपासून चष्मे देणारा. १९३८ च्या सुमारास तो बफेलोस आला. कामगार संघटनांशीं त्याचा संबंध होता. १९५७ सालीं प्रतिनिधिसभेच्या ‘अमेरिकाविरोधी’ कृत्यांची चौकशी करणाऱ्या समितीपुढें त्याला बोलाविण्यांत आलें, वर्तमानपत्रांनीं त्याला शहरांतील कम्युनिस्टांचा म्होरक्या ठरविलें, आणि त्याचा धंदा निम्म्यावर आला. बोलण्याची वाट बंद झाली म्हणून त्यानें कॅमेरा हातीं घेतला, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. पहिलें काम कृष्णवर्णीयांच्या दुकानवजा प्रार्थनागृहांचें. त्या चित्रांस १९६२ सालीं प्रस्तावना लाभली ती डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांची. १९७२ पासून त्यानें आपल्या दुकानाजवळच्याच एका गरीब वस्तींत, बफेलोच्या लोअर वेस्ट साइडमध्यें, चित्रें घेण्यास आरंभ केला. पोर्तो रिकोचे, कृष्णवर्णीय, इटालियन, मूळचे इंडियन, असे नाना लोक तेथें राहत. प्रथम त्यांना तो पोलिसांचा माणूस वाटला. त्याची रीत साधी होती: परवानगी विचारावयाची, कसें उभें राहावें हें सांगावयाचें नाहीं, आणि पुढच्या खेपेस चित्राची एक प्रत त्या माणसाच्या हातीं ठेवावयाची. श्रीमंतांचीं चित्रें काढणारे पुष्कळ आहेत, मी विसरलेल्यांचीं काढतों, अशा आशयाचें त्याचें बोलणें नमूद आहे.

पुढें जें झालें तें असाधारण आहे. १९८४ मध्यें तो व त्याची पत्नी ॲन हीं जुनीं चित्रें घेऊन त्याच वस्तींत परत गेलीं आणि हीं माणसें कोठें आहेत म्हणून विचारीत हिंडलीं. जीं सांपडलीं त्यांचीं पुन्हां चित्रें घेतलीं. १९९२ नंतर तिसऱ्यांदा, आणि २००० नंतर, वयाचीं नव्वद वर्षें उलटल्यावर, चौथ्यांदा. ओट्यावर उभी असलेली मुलगी दुसऱ्या चित्रांत आई आहे, तिसऱ्यांत आजी. कोठें नवऱ्याची खुर्ची रिकामी. कोठें तरुण पुढच्या चित्रांत नाहींच, त्याची तसबीर तेवढी मागच्या भिंतीवर. इतिहासाच्या वर्गांत मी कधीं कधीं इव्हान्सचें तें स्मशानाचें चित्र आणि रोगोव्हिनची अशी एखादी मालिका शेजारीं शेजारीं ठेवतों. मुलें प्रथम इव्हान्सकडेच वळतात. घटका-दीड घटकेनंतर पाहावें तों सारीं रोगोव्हिनपुढें जमलेलीं असतात, आणि या बाईचें मधल्या आठ वर्षांत काय झालें असावें याविषयीं वाद चाललेला असतो.

पोलादाच्या कामगारांचींहि त्यानें अशीच जोडचित्रें घेतलीं. १९७६ च्या पुढें कारखान्यांत, भट्टीच्या तोंडाशीं, काळोखीं माखलेला चेहरा. आणि मग त्याच माणसाचें घरचें चित्र, बायकामुलांत, धुतलेल्या कपड्यांत. कारखान्यांत ज्याला आपण केवळ ‘कामगार’ म्हणतों तो घरीं एखाद्या वाद्याशेजारीं किंवा मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उभा असतो. बफेलोशेजारच्या लॅकवाना येथील प्रचंड कारखान्यांत, जेथें एके काळीं सुमारें २०,००० माणसें राबत, १९८३ मध्यें पोलाद करणें थांबलें. त्यानंतर रोगोव्हिन पुन्हां त्या घरांत गेला, आणि या वेळीं मायकेल फ्रिश हा इतिहासाचा प्राध्यापक मुलाखती घेण्यास त्याच्या जोडीला होता. त्यांचा ग्रंथ १९९३ सालीं निघाला. त्यांतील माणसें वाचकाच्या अपेक्षेप्रमाणें रडत नाहींत. भट्टीच्या धगीची व धुळीची आठवण कोणाला गोड वाटत नाहीं; सोबती मात्र आठवतात, आणि आपल्याला अगोदर कोणीं कांहींच सांगितलें नाहीं हा डंख राहतो. स्त्रियांचींहि चित्रें त्यांत आहेत. १९७४ सालच्या न्यायालयीन तडजोडीनें कृष्णवर्णीयांना व स्त्रियांना पोलादाच्या कारखान्यांत बऱ्या जागा मिळण्याची वाट मोकळी झाली होती. तीन वर्षांत कारखानेच बंद पडूं लागले. हें दुर्दैव समजण्यास भग्न भट्टीच्या शंभर चित्रांचा उपयोग नाहीं. ती भट्टी चालविणाऱ्या एका बाईचीं दोन चित्रें आणि तिचे चार शब्द पुरतात. रोगोव्हिन २०११ च्या जानेवारींत, एकशें एक वर्षांचा होऊन, वारला.

तथापि रोगोव्हिन झाला तरी बाहेरचाच. ज्या गांवाचें चित्र घ्यावयाचें त्याच गांवची लेक कॅमेरा घेऊन उभी राहिली म्हणजे काय होतें, हें ब्रॅडकच्या लटोया रूबी फ्रेझरबाईंनीं दाखविलें. त्यांचा जन्म १९८२ चा, म्हणजे पडझडीच्या ऐन मध्याचा. १९२० सालीं २०,००० हून अधिक वस्तीचें हें गांव. २०२० मध्यें १,८०० सुद्धां माणसें उरलीं नव्हतीं. कार्नेजीनें अमेरिकेंत उघडलेलें पहिलें वाचनालय १८८९ चें, तें याच गांवांतलें. ब्रॅडकचा इतिहास म्हणजे कार्नेजी, त्याची भट्टी आणि त्याचें वाचनालय, असाच पूर्वी सांगितला जाई. दक्षिणेंतून पोट भरण्यास आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना त्यांत जागा नव्हती. फ्रेझरबाईंनीं बारा-तेरा वर्षें आपली आजी, आपली आई आणि आपण स्वतः यांचींच कृष्णधवल चित्रें घेतलीं. त्यांतलीं कांहीं आईनें घेतलेलीं आहेत. जमिनीवर आजी व नात बसलेल्या आहेत, भोंवतीं आजीच्या हौशीच्या बाहुल्या. तिघीहि आजारांनीं गांजलेल्या, आणि गांवावर कारखान्याचा धूर. आजी २००९ मध्यें गेली. २०१४ सालीं हीं चित्रें ‘कुटुंबाची कल्पना’ अशा अर्थाच्या नांवानें ग्रंथरूपानें आलीं.

३१ जानेवारी २०१० रोजीं ब्रॅडकचें रुग्णालय बंद करण्यांत आलें. त्याच वर्षीं विजारी विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीनें याच गांवांत जाहिरातीचीं चित्रें घेतलीं. कष्टाळू माणसें, नवी पहाट, नवें धाडस असा त्यांचा सूर होता. फ्रेझरबाईंनीं त्या जाहिराती घेतल्या आणि त्यांच्या जोडीला आपलीं चित्रें व गांवकऱ्यांचें म्हणणें ठेवलें: रुग्णवाहिका आतां किती दूर जाते, गांवांत कामाला राहिलेलीं माणसें कोण, नव्या पहाटेला औषधपाणी कोठें मिळावयाचें. रुग्णालय पाडल्यानंतरच्या राडारोड्याचें त्यांचें चित्र भग्नावशेषाचेंच आहे, पण त्याला इमारतीचें नांव, रस्त्याचें नांव व साल आहे. आणि त्या रुग्णालयांत ज्यांच्यावर उपचार झाले अशा माणसांचीं चित्रें त्याच्या मागेंपुढें आहेत. राजवाड्यांच्या कसोटीला तें चित्र उतरतें.

यंग्स्टाउनपासून जवळच लॉर्ड्सटाउन येथें १९६६ पासून मोटारींचा मोठा कारखाना चालत होता. मार्च २०१९ मध्यें तेथील शेवटची मोटार बाहेर पडली. दुसऱ्या संस्थानांतील कारखान्यांत बदली पत्करा, नाहीं तर हक्क सोडा, असा कामगारांपुढें पेंच पडला, आणि विचारास अवधि थोड्या दिवसांचा. फ्रेझरबाई कामगारांच्या संघटनेच्या कचेरींत व घरोघर जाऊन राहिल्या. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत शिकागोमध्यें त्यांनीं हीं साठांहून अधिक चित्रें मांडलीं, तीं भिंतीवर नव्हेत. मोटारी कारखान्यांत जशा एकीमागून एक पुढें सरकतात तशा लोखंडी चौकटींच्या ओळींत. प्रत्येक चित्राशेजारीं ज्याचें चित्र त्याचेच शब्द होते: कोणी मुलगी शाळेंतून निघेपर्यंत आई येथें आणि बाप दुसऱ्या गांवीं असें ठरविलेलें, कोणी घर विकावयास काढलेलें, कोणी निवृत्तीला थोडीं वर्षें उरलीं म्हणून एकटाच निघालेला.